होणारा जावई पेरूला गेला

द्राक्षांच्या एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे अजून झाला नव्हता, व्हायचा होता. नाव त्याचं सुखदेव.

अंगाने दणकट, मनाने स्वच्छ आणि कानाने तर फारच चांगला. एकदा ऐकलं की ऐकलं. 'जरा इकडे लक्ष ठेव रे' असं कुणी म्हणालं, की तो बसून इकडे बघत राहायचा आणि तिकडून गाई बाग खाऊन जायच्या. गाईंबद्दल विचारलं तर म्हणायचा, 'त्या तिकडे होत्या.'

शेजारच्या गावच्या त्र्यंबकअण्णांची मुलगी कावेरी त्याला मनापासून आवडायची. नुसतं तिचं नाव निघालं तरी त्याच्या हातातली कात्री थांबायची. पण अण्णा म्हणजे कडक माणूस. त्यांची द्राक्षं परदेशात जायची आणि त्यांचा आवाज शिवारभर. कावेरीने आलेली सगळी स्थळं परत पाठवली होती, आणि सुखदेवचं स्थळ खुद्द अण्णांच्याच मनात भरत नव्हतं.

त्या वर्षी बागायतदारांचा अभ्यासदौरा पेरू देशात निघाला. तिथली द्राक्षं बघायला अण्णा निघाले. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून कावेरी स्पॅनिश शिकली होती, तीही निघाली. अण्णांनी सुखदेवच्या घरी निरोप धाडला, "पोराला येऊ द्या आमच्यासंगं. परक्या मुलखात माणूस कळतो. माघारी यायच्या आत काय ते सांगून टाकतो."

आईने सुखदेवला समोर बसवलं. "सुखा, हे स्थळ गेलं तर परत येणार नाही बघ. अण्णा सांगतील तसं कर. त्यांचा शब्द खाली पडू देऊ नको. आणि पेरूला चाललाहेस, लागेल ते संगं घे."

विमानतळावर अण्णांना सुखदेवच्या खिशात एक पुडी दिसली.

"हे काय रं?"

"तिखट-मीठ. पेरूला लागतं ना."

अण्णांनी कावेरीकडे बघितलं. कावेरी छताकडे बघत होती.

द्राक्षांच्या बागा बघून झाल्या. मग डोंगरांत एक सकाळ हिंडण्याफिरण्यासाठी ठेवली होती. फार पूर्वी तिथे राज्य केलेल्या इंका लोकांच्या जुन्या जागा एटीव्हीवरून बघायच्या आणि जेवायला परत यायचं. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल. दगड, चिखल, नांगरलेलं रान, कशातूनही जाते. ट्रॅक्टरवर वाढलेल्या सुखदेवला ती बघताच आवडली. कावेरीने आपली वेगळी घेतली. अण्णा मात्र सुखदेवच्या मागे बसले. जावई पारखायचा तर मागे बसूनच, असा त्यांचा हिशेब होता.

वाटाड्याचं नाव विल्बर. हसऱ्या चेहऱ्याचा, लाल गालांचा तरुण. तो स्पॅनिशमध्ये बोलला आणि कावेरीने मराठीत सांगितलं, "तो पुढे राहणार. तो करेल तसंच सगळ्यांनी करायचं."

"ऐकलं का रं?" अण्णा म्हणाले. "तो करील तसं करायचं."

"हो, अण्णा," सुखदेव म्हणाला. सुखदेव शब्दाचा पक्का होता.

विल्बर वळला, तो वळला. विल्बर खोकला, तो खोकला. वाटेत विल्बरच्या मावशीची चहाची टपरी लागली. तिकडची रीत अशी, की ओळखीचं माणूस भेटलं की गालाला गाल लावून मुका घ्यायचा. विल्बर उतरला, मावशीजवळ गेला आणि त्याने तिच्या गालाचा मुका घेतला. सुखदेवही उतरला, मावशीजवळ गेला आणि त्याने तिच्या गालाचा मुका घेतला. चांगला आवाज करून.

मावशी खूश झाली. तिने त्याला चहा जास्त दिला. अण्णांच्या हातातला चहा मात्र सांडला.

"आरं, परकी बाई ती! लाज आहे का काही?"

"चुकलं, अण्णा. मग काय करायला पाहिजे होतं?"

"लांबूनच दोन्ही हात जोडायचे आणि रामराम म्हणायचं!"

"पुढच्या खेपेला तसंच करतो," सुखदेव म्हणाला.

पुढची खेप लगेच आली. बटाट्याच्या शेताकडेच्या उतारावरून गाड्या जोरात निघाल्या होत्या, आणि समोरून रंगीत घागरे घातलेल्या चार बाया पाठीवर गाठोडी घेऊन येत होत्या. लांबून दिसल्या, तशी सुखदेवने लांबूनच दोन्ही हात जोडले. "रामराम!" दोन्ही हात जोडल्यावर हँडलला हात उरला नाही. गाडीने रस्ता सोडला आणि ती बटाट्यांत शिरली. बटाटे उडाले. अण्णाही थोडे उडाले, पण परत सीटवरच आले. बायांनी पाठीवरची गाठोडी सावरत यांच्याकडे बघून हात जोडले. त्यांना वाटलं, या लोकांची अशीच रीत असेल.

"हँडल सोडतात का कधी!" अण्णा ओरडले. "काय करू राहिला तू? काहीही होऊ दे, आभाळ कोसळू दे, हँडल सोडायचं नाही!"

"चुकलं, अण्णा. आता नाही सोडत."

तेवढ्यात गाड्या एका पठारावर येऊन थांबल्या. समोर जमिनीत भलामोठा खोलगट खड्डा होता आणि त्यात गोल गोल पायऱ्यांची शेतं, ताटात ताटली, ताटलीत वाटी ठेवावी तशी, थेट तळापर्यंत उतरत गेलेली. इंकांनी बांधलेली. विल्बरने अभिमानाने हात उंचावला आणि जागेचं नाव घेतलं, "मोराय!"

सुखदेव अस्वस्थ झाला. मोरया म्हणाला, पण आधीचं राहिलंच की. त्याने पोटातून आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा!"

"मोराय!" विल्बर पुन्हा म्हणाला, कारण त्याला वाटलं ऐकू गेलं नाही.

"मंगलमूर्ती!"

"मोराय!!"

कावेरी गाडीवर वाकून पोट धरून हसली. घर सोडल्यापासून ती एवढी हसली नव्हती. सुखदेवला कारण कळलं नाही, पण ती हसली याचा त्याला फार आनंद झाला.

सगळे खाली शेतं बघायला गेले. बराच वेळ हिंडून परत आले, तर सुखदेव तिथेच गाडीवर बसलेला. दोन्ही मुठी हँडलवर आवळलेल्या, नाकावर माशी.

"तुम्ही आला नाहीत?" कावेरीने विचारलं.

"अण्णा सोडू नको म्हणालेत."

कावेरीने हलकेच ती माशी हाकलली. अण्णांनी कपाळाला हात लावला. "आरं बाबा, गाडी थांबली की उतरायचं! लगेच उतरायचं! माझी वाट बघायची नाही!"

"चुकलं, अण्णा. पुढच्या खेपेला लगेच उतरतो."

पुढची वाट चढाची होती. विल्बर अन् कावेरी पुढे निघून गेले. अर्ध्या चढावर लामांचा एक कळप रस्त्यात आला. लामा म्हणजे उंट आणि मेंढी यांच्या मधलं एक जनावर, तोंडावर कायम नाराजी. म्होरक्या लामा थेट गाडीपुढे उभा राहिला. सुखदेवने गाडी थांबवली. थांबली, म्हणून लगेच उतरला. अण्णांची वाट बघितली नाही.

गाडी मात्र अण्णांना घेऊन मागे निघाली. अण्णा मागच्या सीटवर, तोंड चढाकडे, जाणं उताराकडे. "सुख्याऽऽ!" असा आवाज लहान लहान होत गेला. खाली कुणाची तरी सातूच्या काडाची गंजी होती म्हणून बरं. गाडी तिच्यात घुसून थांबली. काडातून आधी टोपी निघाली, मग अण्णा.

सुखदेव धावत आला. "अण्णा, गाडी थांबली. उतरा लगेच."

अण्णांच्या मिशीत काड्या होत्या. रागाने त्यांना श्वास पुरेना. तिथली हवाही विरळ. "आता… यापुढं… मला विचारल्याबिगर… काहीही करायचं नाही! काही म्हणजे काही!"

"विचारूनच करतो, अण्णा. आता अंगावरच्या काड्या काढू का?"

दुपार व्हायला आली तेव्हा ते शेवटच्या जागी पोचले. डोंगराच्या कुशीत मिठाचे शेकडो वाफे, पांढरे, तपकिरी, गुलाबी, एकाखाली एक. डोंगरातून खारट झरा निघतो, त्याचं पाणी वाफ्यांत सोडायचं आणि उन्हात आटवायचं. इंकांच्याही आधीपासून हेच चाललंय, विल्बर म्हणाला. आणि वाफ्यांत कुणी उतरायचं नाही, हेही त्याने बजावून सांगितलं. मग तो आणि कावेरी पुढच्या वळणावर गेले.

अण्णा पडले बागायतदार. वाफा दिसला आणि हात घातला नाही, असं कधी झालं नव्हतं. ते कडेला उकिडवे बसले आणि चिमूटभर चाखून बघावं म्हणून वाकले.

"अण्णा," सुखदेव अदबीने म्हणाला, "मीठ हाय माझ्याकडं."

अण्णा भडकून मागे वळले. पाय सटकला. ते पालथे वाफ्यात गेले.

वाफा गुडघाभरच होता, पण तळ निसरडा. अण्णा उठायचे आणि घसरायचे. डोळ्यांत मीठ, नाकात मीठ, तोंडात तर भरलंच होतं. सुखदेव काठावर वाकला. त्याचा जीव कळवळला. पण शब्द म्हणजे शब्द.

"अण्णा, तुम्हाला बाहेर काढू का?"

अण्णा बोलणार कसे? त्यांनी हात हलवले.

"डाव्या हाताला धरून काढू का उजव्या?"

अण्णा पुन्हा घसरले.

"अण्णा, तुम्ही सांगा तर. मी विचारल्याबिगर काही करीत नाही."

शेवटी वळणावरून कावेरी धावत आली. "काढा त्यांना!" असं ती ओरडली. मग मात्र सुखदेवने एका हिसक्यात अण्णांना बाहेर काढलं, बाटलीतल्या पाण्याने त्यांचे डोळे धुतले आणि मुरगळलेल्या पायाने चालवेना म्हणून त्यांना पाठुंगळीला घेऊन तो सगळा चढ चढला. कुठे थांबला नाही की धापही टाकली नाही. अण्णांच्या कपड्यांतून खारं पाणी त्याच्या मानेवर ठिबकत होतं.

वर पोचल्यावर अण्णांना वाचा फुटली.

"आरं गाढवा! विचारत काय बसला होतास? नको असतं तर बोललो नसतो का मी? गप होतो म्हणजे हो होतं! एवढं कळत नाही?"

सुखदेवने हे नीट मनात घेतलं. बोलला म्हणजे नको. गप्प म्हणजे हो.

"चुकलं, अण्णा. हे कायम ध्यानात ठेवतो."

"ठेव नाहीतर नको ठेवू! मी आता तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही!" असं म्हणून अण्णांनी ओठ मिटले, हाताची घडी घातली आणि ते एका दगडावर बसले.

सुखदेव त्यांच्यासमोर उभा राहिला. बटाटे चाकाखाली घातले, अण्णांना काडात घातलं, वाफ्यात घातलं. आता कावेरी मिळते कशाला, असं त्याला आतून वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. पण विचारल्याबिगर काही करायचं नव्हतं, म्हणून विचारलं.

"अण्णा, तुमची पोरगी मला देता का?"

अण्णांनी ओठ आणखी घट्ट मिटले.

सुखदेवचा चेहरा उजळला. "खरंच? मंग तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त धरू?"

अण्णा लाल झाले. बोलले नाहीत.

सुखदेव कावेरीकडे वळला. तिने सगळं ऐकलं होतं. आजवर बघायला आलेले सगळे तिलाच काय काय सांगून गेले होते. कुणाचं ऐकणारा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. आणि चढावर वडिलांना पाठीवर घेऊन येणारी ती रुंद पाठही तिने बघितली होती.

"कावेरी," सुखदेव म्हणाला, "मी तुला पसंत आहे का?"

कावेरीने त्याच्याकडे बघितलं. मग ओठ दातांत धरले आणि ती अगदी गप्प उभी राहिली.

सुखदेवने तिथूनच आईला फोन लावला. "आये, ठरलं! दोघांनी एक शब्द काढला नाही!"

अण्णा गावी पोचेपर्यंत दोन्ही गावांत पेढे खाऊन झाले होते. विमानात त्यांनी कावेरीला विचारलं होतं, "हे काय होऊन बसलं?" ती म्हणाली, "मी गप्प होते, अण्णा. तुम्हीपण होतात की." अण्णांना तो चढ आठवला आणि ते पुन्हा गप्प झाले.

साखरपुड्यापासून लग्नापर्यंत सुखदेव रोज फोन करायचा. "जेवलीस का?" कावेरी गप्प. "माझी सय येती का?" कावेरी गप्प. सुखदेव खूश होऊन फोन ठेवायचा. चूक सांगून टाकावी असं कावेरीच्या कितीदा तरी मनात यायचं, पण तिला ती गंमत मोडवत नव्हती.

लग्न थाटात लागलं. अक्षता पडल्या, हार घातले, बँड वाजला. मग बायकांनी नवरीला घेरलं. "नाव घे! नाव घे!" सगळा मांडव गोळा झाला. गप्प राहायचं विसरून गेली बिचारी कावेरी. लाजली, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात बोलली,

"पेरूच्या मिठागरात सटकला अण्णांचा पाय,
सुखदेवरावांचं नाव घेते, आणखी बोलू काय!"

मांडवभर हशा आणि टाळ्या. अण्णासुद्धा हसले.

सुखदेव तेवढा हसला नाही. त्याचा चेहरा पार उतरला. त्याने कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या, गळ्यातला हार काढून पाटावर ठेवला, लांबूनच दोन्ही हात जोडून सगळ्यांना रामराम केला आणि तो मांडवाच्या दाराकडे निघाला. अण्णा धावले आणि त्यांनी त्याला धरलं.

"आरं, चालला कुठं? काय झालं?"

"इतके महिने हो म्हणत होती, अण्णा," सुखदेव डोळे पुसत म्हणाला. "आज एवढ्या लोकांत चक्क नको म्हणाली."