हिवाईच्या तळघरातली घोंगडी

सांगतो. पण आधी एक ऐकून घ्या. या मळ्यात एवढी माणसं पगार खातात, त्यातल्या निम्म्यांना इंग्रजी येतं, आणि तरी रविवारी पाहुणे आले की "बाबांना विचारा" म्हणून मलाच हाका. माझे गुडघे गेलेत. तळघराच्या पायऱ्या मी मोजत नाही, त्या मला मोजतात. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तिथंही मास्तरांना माझा कंटाळा आला. आता धाकट्या मालकीणबाई म्हणतात, बाबा, एकदाच नीट सांगा, आम्ही लिहून घेतो, मग तुमच्या डोक्याला ताप नाही. बघू. हातातले पेले खाली ठेवा. मी हिला दारू म्हणतो, मालकांना राग येतो, ते वाईन म्हणा म्हणतात. तुम्ही म्हणा.

खाली खैरगावात आत्ता वैशाखाच्या उन्हात कुत्रीसुद्धा जीभ बाहेर टाकून पडलीत, आणि तुम्ही इथं शाल ओढून बसलात. अंतर किती, तर बैलगाडीनं विडी ओढून होईस्तोवरचं. एवढ्यात उन्हाळ्याचा हिवाळा कसा झाला, हे आलेला प्रत्येक जण विचारतो. तळघर बघून आलेला दुसरंही विचारतो. पिंपांच्या पार टोकाला जो दगडी ओटा आहे, त्यावर ती काळी घोंगडी कशाला?

ती घोंगडी रोज सकाळी अंगणात उन्हाला टाकायची. ऊन डोक्यावर आलं की तापलेली घडी घालून ओट्यावर नेऊन ठेवायची. मग सगळ्यांनी बाहेर यायचं, दार लावायचं, आणि जेवणं उरकेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. दार उघडलं की घडी मोडलेली असते. रोज. का, ते आता गप बसून ऐका.

असं सांगतात की पूर्वी हा खळगा सगळ्या पंचक्रोशीत तापट होता. तीन बाजूंनी काळा कातळ, तो दिवसभर तापायचा आणि उलट्या तव्यासारखा रात्रभर धगधगायचा. इथं तेव्हा द्राक्षाचं नावसुद्धा नव्हतं. लहानू दातीराची आंबराई होती. तिच्या जिवाला ती धगच मानवायची. दुसऱ्यांच्या झाडांवर कैऱ्या लोंबत असायच्या तेव्हा लहानूचा आंबा आढीत पिवळा पडायचा, आणि बाजारात पहिली पाटी त्याची उतरायची. लोक म्हणायचे, लहानूनं सूर्य दावणीला बांधलाय.

लहानूची बायको साळू. बऱ्याच वर्षांनी तिची कूस उजवली होती. पोरगा पुंजा. नुकता बोबडं बोलायचं सोडून नीट बोलायला लागला होता आणि आईची मांडी मात्र अजून सुटली नव्हती. साळू दळायला बसली की हा मांडीवर, निवडायला बसली की हा मांडीवर. सासू म्हणायची, "अगं, पोराला जमीन कसली असते ती तरी कळू दे."

त्या वर्षी वैशाखात तापाची साथ आली. मोठी माणसं उठली, लहान पोरं उठेनात. पुंजाला ताप भरला. साळूनं कांद्याचा रस चोळला, वाळा उगाळून लावला, ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवल्या. पट्टी ठेवली की म्हणे पापडासारखी कडक होऊन हातात यायची. पोर बाहेरून तापलेलं, घर वरून तापलेलं, कातळ मागून तापलेला. तिसरा प्रहर काही हा बघत नाही, असं सासूनं तोंड फिरवून म्हटलं, आणि ते साळूनं ऐकलं.

ती उठली आणि तशीच अनवाणी डोंगर चढली. वर कपारीच्या तोंडाशी हिवाईचा, गारठ्याच्या देवीचा, तांदळा आहे, शेंदूर लावलेला दगड. कपार आत खोल. किती ते कुणाला ठाऊक नाही. भर दुपारी हिवाईकडं जाऊ नये, ती तिची बाहेर पडायची वेळ, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. साळूही जाणत होती. पण मरणाला वेळ कळत नव्हती, मग तिनं तरी का पाळावी?

तिनं कपाळ दगडाला टेकलं. दगडानं कातडी भाजली तरी उचललं नाही. म्हणाली, "बये, माझ्या घरावर हीव पाड, माझ्या वावरावर हीव पाड. माझ्यातली ऊब हवी तर तीही ने. पण पोर गार कर."

म्हणे तेवढ्यात होले घुमायचे थांबले. वारा नव्हता, तरी कपारीतून एक श्वास आला, विहिरीत वाकल्यावर तोंडावर येतो तसा. आला आणि तिच्या अंगावरून खाली उतरून गेला.

ती खाली यायला निघाली तर पायाखालचा कातळ निवला होता. आंबराईत आंबे उतरवायचे झेले घेऊन उभे असलेले गडी हलत नव्हते, वर बघत होते. झाडावरचा एकेक आंबा माठासारखा पाझरत होता. थेंब पडत होते आणि साऱ्या राईत दुसरा आवाज नव्हता. एक गडी हळूच म्हणाला, "वहिनी, तुमच्या मागं मागं गारठा येतोय बघा." तिनं मागं वळून बघितलं नाही.

घरी पुंजा उठून बसला होता. अंगाला घाम सुटलेला, डोळे स्वच्छ. म्हणाला, "आये, भाकर दे."

साळूनं झेप घालून त्याला पोटाशी धरलं. आणि पोर किंचाळलं. "आये, चटका! सोड, चटका!"

तिनं सोडलं. त्याच्या पाठीवर पाच बोटं उमटली होती. लाल नाही, पांढरी. ती त्याच्या पाठीवर म्हातारपणापर्यंत तशीच होती. हे 'म्हणे' नाही. पुंजाबाबांना मी तेल लावायचो, तेव्हा डोळ्यांनी बघितलंय. तेवढ्या जागेवर तेल गोठायचं.

पुढं कळत गेलं. साळूच्या हातचं विरजण लागेना. तिनं तुपाची वाटी धरली की तूप दगड. पाणवठ्यावर बायका आधी थट्टाच करायच्या. "साळू, उन्हाळाभर आमच्या माठापाशी येऊन बस गं, आंब्याची एक पाटी जास्त विकत घेऊ!" साळूही हसायची. मग एका बाळंतिणीनं तिला बघून दार लावून घेतलं, तेव्हापासून थट्टा बंद झाली. ते जास्त वाईट.

माघात आंबराई मोहरली आणि तीन दिवसांत सगळा मोहोर काळा पडून गळाला. झाडांखाली जळक्या शेवया सांडल्यासारखं दिसायचं. लहानूनं मूठभर मोहोर आणून बायकोपुढं टाकला. "काय मागून आलीस तू वरून?"

तिनं सांगितलं. अक्षर न अक्षर.

लहानू तिला घेऊन सोमा भगताकडं गेला. भगत आंधळा होता. साळू उंबऱ्यात आली तसा त्यानं गुडघ्यांवर कांबळं ओढलं. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "पोरी, शेवट बांधलास का?"

"कसला शेवट?"

"नवसाला शेवट बांधायचा असतो. पोर बरं होईस्तोवर, पाऊस पडेस्तोवर, काहीतरी बोलायचं असतं. तू नुसतं दे म्हणालीस आणि ने म्हणालीस. ती देतीय आणि नेतीय. थांब कुठं म्हटलंस?"

त्या घाईत कुणाला सुचलं असतं? लहानू म्हणाला, "मग आता जाऊन परत मागू. आमचं आम्हाला दे म्हणू."

"मागा की," भगत म्हणाला. "परत म्हटलं की सगळं परत. ऊन परत, मोहोर परत, बाईची ऊब परत." आणि कांबळं आणखी वर ओढून म्हणाला, "तापही परत."

बाहेर पुंजा भगताच्या शेळीचे कान ओढत होता. शेळी ओरडत होती, हा हसत होता. साळूनं ते ऐकलं, पदर सावरला आणि उठली. लहानूनं वाटेत फक्त एवढंच म्हटलं, "आंबे काय, लोकांच्या झाडाचे विकत घेऊन खाऊ." लहानू दातीराचं एवढं एक वाक्य आमच्याकडं अजून सांगतात. बाकी तो तापट माणूस होता.

पण पोराला हे कुठलं कळायला? त्याला मांडी हवी होती. साळू घोंगडी गुंडाळून बसायची आणि वरून त्याला बसू द्यायची. आधी एक पदर पुरला, मग दोन घड्या, मग चार. गारठा तिच्यात वर्षागणिक भिनत होता. पोराचे ओठ निळे पडायचे, दात वाजायचे, आणि तो म्हणायचा, "मला न्हाई लागत थंडी. बसू दे." एकदा असाच बसल्या जागी तिच्या मांडीवर निजला आणि उठवता उठेना. चुलीपुढं धरून शेकत ठेवला तेव्हा हालला. साळू लांब भिंतीला लागून उभी होती, हात पाठीमागं धरून.

दुसऱ्या दिवशी तिनं आपली घोंगडी घेतली आणि हिवाईच्या कपारीचं खालचं तोंड घराच्या मागं उघडतं, तिथं राहायला गेली. तेच आत्ताचं तळघर. ओटा आहे ना, तो तिचा.

पुंजा रोज दुपारी यायचा. आत यायचं नाही, अशी तिनं शपथ घातली होती. मग त्यानं आपल्या डोक्यानं एक काढलं. पहाटे तिची घोंगडी मागून न्यायची, अंगणात उन्हात तापवायची, ऊन डोक्यावर आलं की ऊब निसटू नये म्हणून घट्ट घडी घालून पळत आणायची, तोंडाशी ठेवायची आणि पाठ करून उभं राहायचं. आत ती घडी मोडून पांघरायची. बाहेरून तो विचारायचा, "आये, पोचली का?" आतून आवाज यायचा, "पोचली रं, पोचली." तेवढंच त्यांचं भेटणं.

असं पोर मोठं झालं, मिसरूड फुटलं. एका दुपारी त्यानं विचारलं, "पोचली का?" आणि उत्तर आलं नाही. शपथ मोडून आत गेला. ओट्यावर घोंगडी पसरलेली, मधे बसक्या माणसाएवढा उंचवटा. उचलली तर खाली काही नाही. दगड ओला. मेली म्हणावं तर मढं नाही, गेली म्हणावं तर वाट नाही. त्यानं तेरावं घातलं नाही. घोंगडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात टाकली.

वाळलेली आंबराई पुंजानंच तोडली. एकेका झाडाला आधी हात लावून, मग कुऱ्हाड. आंब्याला मारणारा गारठा द्राक्षाला मानवला. फळात आंबटपणा धरून राहतो म्हणतात, म्हणून पुढं नातवांनी दारू गाळायचा कारखाना काढला आणि साळूच्या कपारीत पिंपं मांडली. तरी ओट्याला कुणी हात लावला नाही. पुंजाबाबांच्या हातानं घडी होईना तेव्हा त्यांनी ते काम मला दिलं. मी रोज तापलेली घडी ठेवायचो, आणि दार उघडलं की घडी मोडलेली आणि घोंगडी नदीतल्या धोंड्यासारखी गार. ऊब कुणीतरी पिऊन टाकावी तशी.

पुंजाबाबा वैशाखातच गेले, अंगणात, खाटेवर, दुपारी. घोंगडी मी नुकतीच आत ठेवून आलो होतो. डोळे मिटता मिटता त्यांनी मला नाही, त्या दाराकडं बघून विचारलं, "पोचलो का?" असं त्यांच्या सुनेनं ऐकलं. मी थोडा लांब होतो, मी शपथ घेणार नाही.

त्या दिवशी दार उघडलं आणि मी घोंगडी उचलली. कडेनं तशीच गार होती. मधोमध ऊब होती. मोठ्या माणसाएवढी नाही. मांडीवर बसलेलं पोर नुकतं उठून खेळायला गेलं म्हणजे लुगड्याला राहते, तेवढी.

आजही असते. आभाळ आलं, घोंगडी तापली नाही, तरी असते. हिवाळ्यात असते. दार उघडताना मालक बाजूला उभे राहतात, आणि घोंगडी उचलणाऱ्यानं मधल्या जागेवरून एकदा हात फिरवायचा, असा रिवाज पडलाय. आणि आमच्या खैरगावात आजही कुणी नवस बोललं की शेजारी उभं राहिलेलं माणूस कोपरखळी मारून विचारतं, "शेवट बांधलास का?"

आता ज्यांना वाटतं म्हातारा थापा मारतो, त्यांच्यासाठी. आमच्या स्वयंपाकघरात एक बाई आहे. तिनं साऱ्या मळ्यात उठवलं होतं की भूत नाही नि काही नाही, हा थेरडाच दुपारी आत जाऊन घोंगडी पांघरून घोरतो, म्हणून ती ऊबदार. बायका हसायच्या. पोरं मला बघून घोरल्याचा आवाज काढायची. मग माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, मी तालुक्याला दवाखान्यात पडून होतो, आणि घोंगडीचं काम तिच्यावर आलं. तिनं ठेवली, दार लावलं, किल्ली कनवटीला खोचली, जेवली, उघडलं. मधे हात घातला. बराच वेळ काढला नाही म्हणतात. बाहेर आली ती पदरानं डोळे पुसत, आणि त्या दिवशी भाकऱ्या तिच्या हातून सगळ्या करपल्या.

मी परतल्यावर माझ्या चहात साखर वाढली. ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा यायला लागला. पण "बाबा, चुकलं" एवढं काही त्या तोंडातून अजून बाहेर पडलेलं नाही. लिहून घ्या म्हणतात ना सगळं, मग नावही नीट लिहून घ्या. वच्छला शिरसाठ.