ओली भिंत

ओढ्यावर पहिल्यांदा दगडी पूल झाला, त्या काळची गोष्ट. नव्यानेच संसाराला लागलेल्या पाकोळीने नवऱ्यासोबत पुलाच्या कमानीखाली मातीचं घरटं बांधायला काढलं. अंडी घालायचे दिवस जवळ आलेले. नवऱ्याने घाईघाईने चिखलावर चिखल थापला आणि दुपारी ओली भिंत ओढ्यात पडली.

दुसऱ्या खेपेला खालचा थर होताच पाकोळी त्याच्यापुढे आडवी बसली.

"माझा मुलगा राबतोय आणि सूनबाई बसून," शेजारच्या घरट्यातून सासू म्हणाली.

"थर वाळतोय, सासूबाई. वरचा उद्या."

"आमचं घर एका दिवसात उभं राहायचं."

"आणि टिकायचं किती दिवस?"

सासू पंख साफ करू लागली. चोचीत चिखल असल्याने मुलाला कुणाचीच बाजू घेता येईना. तो जरा घुटमळला, मग चिखल ओढ्यात टाकून बायकोशेजारी जाऊन बसला.