चिंगी खार होडीबाहेर

फार पूर्वी, बेडूक होड्या हाकायचे तेव्हाची गोष्ट. होडी म्हणजे नारळाच्या फुलोऱ्यावरची वाळकी पोय आणि तिच्यावर सागाच्या पानाचं शीड. दरवर्षी खाडीत शर्यत लागायची. वाऱ्यानं होडी कलंडायला लागली की सगळ्यांनी वर आलेल्या काठावर बसून तिला दाबून धरायचं. म्हणून शर्यतीआधी जो तो फणस खाऊन वजन वाढवायचा.

चिंगी खारीनंही फणस खाल्ला. वजन काही वाढलं नाही, पोट तेवढं बिघडलं.

"चिंगे, तू किनाऱ्यावरच थांब," सुकाणू धरणारे बेडूकदादा म्हणाले. "तुझ्याऐवजी एखादा दगड घेतो."

दगड! चिंगीचं शेपूट फुललं. तिनं डोलकाठीच्या शेंड्याला काथ्याची दोरी बांधली, दुसरं टोक कमरेला आवळलं, पाय होडीच्या काठावर रोवले आणि वारा येताच सगळं अंग बाहेर झोकून दिलं.

"अगं, पडशील!"

"पडले तर घ्या तुमचा दगड!"

होडी ताठ झाली आणि सुसाट सुटली. घुशींची होडी मात्र फणसासकट उलटली. चिंगीची होडी पहिली आली!

पण पंच होते बगळेबुवा. "शर्यत होडीत बसणाऱ्यांची," ते मान वाकडी करून म्हणाले. "ही तर बाहेर होती. होडी बाद!"

"लबाड कुठली!" चिंब भिजलेल्या घुशी ओरडल्या.

पुढल्या वर्षी शर्यत सुटताना बगळेबुवांनी घसा ताणून तोच नियम सांगितला. पण ऐकायला होडीत होतं कोण? घुशींसकट सगळे बाहेर लटकले होते.