तिठ्यावरच्या गाठी

फार फार पूर्वी, जंगलातल्या वाटा अजून पायांनीच पडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका तिठ्यावर म्हातारं कासव बसायचं. आजारी प्राण्याने कोणत्या वैद्याकडे जावं, हे ते सांगायचं. त्याला स्वतःला औषधातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तसं कबूलही करायचं.

त्याची युक्ती साधी होती. तिथल्या वडाची एकेक पारंबी एकेका वैद्याच्या नावाची होती. बरा झालेला प्राणी आपल्या वैद्याच्या पारंबीला गवताची गाठ मारून जाई. ज्या पारंबीला गाठी जास्त, त्या वैद्याकडे कासव पुढचा रोगी पाठवी.

एकदा उन्हाळ्यात हत्तीच्या पायात बाभळीचा काटा रुतला. तळं आटलं होतं. दोन दिवसांनी कळप दूरच्या नदीकडे निघणार होता आणि लंगड्यासाठी कोणी थांबणार नव्हतं. हत्ती घाबरून गेला होता. कासवाने पाहिलं, तर सायाळीच्या पारंबीला जेमतेम तीन गाठी, आणि कोल्ह्याच्या पारंबीला सत्तर. त्याने हत्तीला कोल्ह्याकडे धाडलं.

कोल्ह्याने काहीतरी पुटपुटत पायाला चिखल थापला आणि दिवसभर तीन पायांवर उभं राहायला सांगितलं. हत्ती बिचारा उभा राहिला. संध्याकाळी तो धाडकन आडवा झाला आणि करवंदीची एक जाळी कायमची सपाट झाली.

तो कसाबसा तिठ्यावर परत आला. ओरडला नाही, हेच कासवाला जास्त लागलं.

"आजोबा, मी कोल्ह्याच्या नाही, तुमच्या शब्दावर गेलो होतो," एवढंच तो म्हणाला.

मग कासव पहिल्यांदाच त्या गाठींच्या जवळ गेलं. सत्तरच्या सत्तर एकाच गवताच्या, एकाच दिवशी वाळलेल्या. चौकशी केली, तर गाठी मारणारे सगळे कोल्ह्याचे चुलते, मेहुणे आणि साडू. त्यातले चौदा जण स्वतःलाही वैद्य म्हणवत, आणि त्यांच्या पारंब्यांना गाठी मारणारे पुन्हा हेच. तुम्हाला ओळखतं कोण, असं विचारलं की ते एकमेकांकडे पंजा दाखवत. कासवाला स्वतःचीच लाज वाटली.

सायाळीच्या तीन गाठींपैकी एक रानरेड्याची होती, अर्धी चघळलेली. दुसरी बगळ्याची. तिसरी वाघाची, आणि वाघाने तर आयुष्यात कधी कुणाला चांगलं म्हटलं नव्हतं, स्वतःच्या आईलासुद्धा नाही.

"सायाळीकडे जा," कासव म्हणालं, "आणि मला माफ कर."

सायाळीने पाय नीट पाहिला. "दुखेल," ती म्हणाली. "डोळ्यांचं वगैरे मला काही कळत नाही. पण काट्यांत माझा जन्म गेलाय."

तिने दातांनी काटा उपटला. दुसऱ्या दिवशी हत्ती कळपाबरोबर निघाला, जरा हळू, पण चारही पायांवर.

काही दिवसांनी कोल्ह्याच्याच पायात काटा मोडला. आसपास कोणी नाही असं बघून तो तिठ्यावर आला आणि चांगला वैद्य कोण, म्हणून विचारू लागला.

"सगळ्यात जास्त गाठी तर तुझ्याच पारंबीला आहेत," कासव म्हणालं.

"ते जाऊ द्या, आजोबा," कोल्हा खाली बघत म्हणाला. "खरा वैद्य सांगा."

कासवाने सांगितला. बरा झाल्यावर कोल्ह्याला सगळ्यांदेखत सायाळीच्या पारंबीला गाठ मारावी लागली. ती त्याची पहिली खरी गाठ होती, पण मारणारा कोण हे पाहून कासवाने ती मोजलीच नाही.

बोध: किती जण चांगलं म्हणतात हे मोजण्याआधी, म्हणणारे कोण आहेत हे पाहावं.