माळावरचे दोन नाठाळ

फार मागं, माळावर पहिला नांगर आला तेव्हाची ही गोष्ट. नांगराचा फाळ काळ्या दगडावर मोडला आणि नांगऱ्याचं धोतर शेजारच्या बोरीच्या काट्यांत फाटलं. "नाठाळ मेले!" असं म्हणून तो चालता झाला.

तेव्हापासून दोघांचं भांडण. बोरी म्हणायची, "ते तुला म्हणाला रे, ठोंब्या." दगड म्हणायचा, "मला कशाला? बोचकारलंस तू, भवाने!"

एके दिवशी लावी पक्षीण पिलं घेऊन धावत आली. मागं कोल्हा लागलेला. "बोरीबाई, दगडोबा, लेकरं वाचवा!"

"शीर माझ्याखाली," बोरी म्हणाली, "पण मागून मी उघडी आहे गं."

"मागं मी आहे की," दगड म्हणाला.

लावी पिलांसकट दोघांच्या मधल्या सांदीत शिरली. कोल्ह्यानं पुढून तोंड घातलं, तर नाकात काटा मोडला. मागून उकरायला गेला, तर नखं तुटली. "नाठाळ मेले!" असं ओरडत तो लंगडत पळाला.

लावीनं पिलं पंखाखाली घेतली.

जरा वेळानं दगडानं विचारलं, "कुणाला म्हणाला गं तो?"

"आपल्याला," बोरी म्हणाली.