खंडेनवमीचं पिस्तूल

नदीकाठच्या एका बाजारगावात विश्वंभर उदावंत नावाचा सराफ राहत होता. माणूस हसतमुख, पण ऐकून घ्यायची सवय नाही. एकदा वाटेत चोरांनी त्याची गाडी अडवली. तेव्हापासून त्यानं भीती घेतली आणि खटपट करून परवाना काढून पिस्तूल आणलं.

विकणाऱ्यानं त्याला अर्धा तास समजावलं. पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चालायचं. तोंड कुणाकडे करायचं नाही. झाडायचं नसेल तर चापावर बोट न्यायचं नाही. विश्वंभर हो हो म्हणत होता आणि कमरेला लावायचं कातडी कव्हर बघत होता. वस्तू घ्यायला त्याला मोठेपणा वाटे, शिकायला कमीपणा. अशी माणसं पुष्कळ असतात.

महिनाभर तो ते कमरेला लावून हिंडला. चहाच्या टपरीवर काढून दाखवी. कुणी मागितलं तर हातातसुद्धा देई.

मग खंडेनवमी आली. उदावंतांच्या घरी पणजोबांची तलवार होती. दरवर्षी ती पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि पूजा झाली की घरातल्या थोरापासून एकेकानं उचलून कपाळाला लावायची, अशी रीत. यंदा तलवारीशेजारी पिस्तूलही ठेवायचं ठरलं. तलवारीला चालतं ते पिस्तुलाला चालेल का, हे कुणी विचारलं नाही.

पंचवीसतीस माणसं जमली. त्यात पलटणीतून निवृत्त झालेले रखमाजी हवालदार होते. विश्वंभरनं सगळ्यांदेखत पिस्तुलाच्या मुठीतून गोळ्यांचं मॅगझिन काढलं आणि खिशात टाकलं.

"झालं रिकामं," तो म्हणाला आणि पिस्तूल पाटावर ठेवलं. तोंड माणसांकडे.

"तोंड भिंतीकडे कर," हवालदार म्हणाले.

"हवालदार, पेन्शन चालू झाली, आता ड्यूटी सोडा," एक पाहुणा म्हणाला. लोक हसले. विश्वंभरनंही हसत पिस्तूल भिंतीकडे फिरवलं.

पूजा झाली. विश्वंभरचे वडील नाना ऐंशीचे. मान त्यांचा पहिला. त्यांनी तलवार कपाळाला लावून खाली ठेवली आणि पिस्तूल उचलायला हात पुढं केला. हवालदारांनी त्यांचं मनगट धरलं.

"नाना, थांबा. आधी ते बघावं लागेल."

विश्वंभरचा चेहरा उतरला. "मी देवासमोर बसून खोटं बोलतोय का?"

"खोटं नाही बोलत तू. तुला माहीत नाही, एवढंच."

"मग आत्ता चाप ओढून दाखवतो. खट् वाजेल, बाकी काही नाही."

"चापाला बोट लावायचं नाही. तोंड भिंतीकडेच ठेव, वरचा सरकता भाग मागं ओढ आणि नळीच्या मागच्या टोकाला डोळ्यांनी बघ."

सगळे बघत होते. नाही म्हटलं असतं तर हवालदार उठून गेले असते, विश्वंभरचा शब्द राहिला असता आणि नानांनी पिस्तूल कपाळाला लावलं असतं. विश्वंभरचे कान रागानं लाल झाले होते. पण त्यानं पिस्तूल उचललं, बोट चापापासून लांब ठेवलं आणि वरचा भाग मागं ओढला.

आतून एक गोळी उडून पाटाशेजारी पडली.

मॅगझिन काढलं तरी नळीत चढलेली गोळी तिथंच राहते. विकणाऱ्यानं हेही सांगितलं होतं. टपरीवर आपण हे कुणाकुणाच्या हातात दिलं, ते विश्वंभरला आठवायला लागलं.

हवालदारांनी हात पुढं केला. "दे इकडं. मी बघतो."

"निघाली की गोळी. सगळ्यांनी पाहिली."

"तरी मी बघणार. तू मला दिलंस तर मी बघायचं, मी तुला दिलं तर तू बघायचंस. पलटणीत साहेबानं दिलं तरी बघायचो. साहेबाला राग येत नव्हता, उलट न बघणाऱ्याला शिव्या बसायच्या."

त्यांनी नळीत डोळा घालून नाही, मागच्या बाजूनं उघडून पाहिलं, करंगळी घालून चाचपलं, आणि उघडंच ठेवून विश्वंभरच्या हातात परत दिलं. विश्वंभरनं पुन्हा स्वतः पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही.

नाना हट्टी. रीत मोडली तर वर्ष वाईट जातं, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. ते म्हणाले, "आता तर रिकामं आहे ना? मग लावू दे कपाळाला."

लोकांनी हवालदारांकडे पाहिलं. पण बोलला विश्वंभर.

"रिकामं असू दे, नाना. नमस्कार लांबूनच करा."

नानांनी कुरकुरत लांबूनच हात जोडले. मग विश्वंभर उठला. पिस्तूल तिजोरीत ठेवलं, गोळ्या वेगळ्या पेटीत कुलूपबंद केल्या आणि दोन्ही किल्ल्या करगोट्याला बांधल्या.

तात्पर्य सरळ आहे: हत्यार रिकामं आहे असं तोंडानं म्हणू नये, दर वेळी डोळ्यांनी बघावं; आणि रिकामं दिसलं तरी ते माणसाकडे करू नये. दुसऱ्यानं तपासून पाहिलं तर त्यात आपला अपमान नसतो, कुणाचा तरी जीव वाचलेला असतो.