क्लच आणि पायपट्टी

एकदा एका वृद्ध मिस्त्रीने क्लच जळाल्याच्या तक्रारीवर पाय टेकवायची लोखंडी पायपट्टी जोडून दिली. त्याची ही हकिगत.

मिस्त्रीचे आयुष्य ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेले होते. गुडघे थकले तेव्हा त्याने ठरवले, की एक हंगाम आपल्या शिष्याचे काम पाहायचे. पटले तर गॅरेज त्याच्या हवाली करायचे, नाही तर कुलूप लावायचे. शिष्याचे नाव लिंबाजी. वय तिशीचे, हात चोख.

त्या हंगामात गेणूजी नावाचा शेतकरी जुना ट्रॅक्टर घेऊन आला. इंजिन ओरडे आणि नांगर जागचा हलेना. लिंबाजीने ट्रॅक्टर मधोमध उघडला. क्लचप्लेट जळून काळी पडली होती. त्याने नवी घातली आणि पेडलला बोटभर प्ले ठेवला, म्हणजे तेवढे दाबेपर्यंत क्लचवर भार येत नाही. मग गेणूजीला बजावले, की चालवताना पेडलवर पाय टेकवू नका. ते जरा जरी दबून राहिले, तरी प्लेट घसरते आणि जळते. गेणूजीने मान डोलावली.

नांगरट अर्धी झाली नाही तोच ट्रॅक्टर ओढून आणावा लागला. प्लेट पुन्हा काळी.

"लिंबाजी, प्लेट घातलीस की पापड?" गेणूजी चारचौघांत म्हणाला. "आता जळली तर तालुक्याला नेतो. येताना बाजारभर तुझं नाव सांगत येतो."

पाय टेकवत होता का, असे लिंबाजीने विचारले. गेणूजीने आईची शपथ घेऊन नाही म्हटले. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता.

लिंबाजीने आणखी एक प्लेट घातली, प्ले पुन्हा तपासला. आता काही सुचेना, तेव्हा त्याने मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्री म्हणाला, शेतात चला.

नांगर सुरू झाला. लिंबाजी ट्रॅक्टरच्या बाजूने चालत इंजिनाचा आवाज ऐकत होता, जळका वास येतो का ते हुंगत होता. मिस्त्री डाव्या अंगाने चालला होता आणि नुसता गेणूजीकडे बघत होता. बांध येण्याआधीच त्याने हात वर करून ट्रॅक्टर थांबवला.

गॅरेजवर आल्यावर त्याने क्लचला हातही लावला नाही. जाड पत्र्याचा तुकडा कापला, पेडलच्या शेजारी वेल्डिंगने जोडला आणि गेणूजीला वर बसवून पाय नीट टेकतो का, ते पाहिले.

"मिस्त्री, पोट दुखतंय आणि तुम्ही पायाला पट्टी बांधताय," गेणूजी हसून म्हणाला.

लिंबाजी ओशाळला. म्हाताऱ्याचे भान सुटले की काय, असे त्याला वाटले.

नांगरट संपली. पेरणीही झाली. क्लच टिकला. तेव्हा लिंबाजीने कारण विचारले.

मिस्त्री म्हणाला, "डावी पायपट्टी कधीच गंजून पडली होती. पाय लोंबकळत ठेवून माणूस दिवसभर बसू शकत नाही. ढेकळांत हादरा बसला की पाय आधार शोधतो. तिथं आधार एकच होता, पेडलचा. गेणूजीचं लक्ष नांगराकडे, त्याला पत्ताही नव्हता. तू सांगितलंस ते बरोबरच होतं. पाय काढ म्हणालास. ठेवायचा कुठे, ते सांगितलं नाहीस."



पुढच्या दिवशी दुसरा एक ट्रॅक्टर आला. लिंबाजीने पान्हे काढले नाहीत. मालकाला म्हणाला, आधी तुम्ही बसा, रोजच्यासारखा चालवा, मी बरोबर चालतो.

मिस्त्रीने ते ऐकले. गॅरेजची किल्ली कमरेची सोडून लिंबाजीच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवली आणि घरी गेला.

घरात मुलांना, शेतात गड्यांना आपणही रोज पाय काढायलाच सांगत असतो.